मासूमचा अमजद कसा झाला?

सकाळी वर्गात हजेरी सुरू होते. बाई एकेक नाव पुकारतात आणि तुम्ही एकेक जण ओरडता, "हजर!" समजा, बाईंनी "कबीर" असं नाव घेतलं आणि कबीरने "हजर" म्हटलं, तर एक गंमत होते. नाव आणि उत्तर, दोन्ही एकाच मुलखातून आलेली असतात. 'कबीर' हा अरबी शब्द आणि 'हजर'सुद्धा अरबीच. तिकडे तो 'हाज़िर' असा होता. आपल्याकडे येऊन तो इतका रुळला की त्याचं मोठं कुटुंबच झालं: हजेरी, गैरहजर, हजरजबाबी आणि राजाच्या गोष्टीतलं ते "जी हुजूर"!

अरबी नावांचं कुलूप उघडणारी एक किल्ली आहे. ती मला सापडली ग्वाल्हेरच्या एका मुलाच्या नावात, म्हणून आधी ग्वाल्हेरला जाऊ.

ग्वाल्हेर मध्य प्रदेशात आहे, पण मराठी माणसाला ते परकं वाटत नाही. शिंद्यांची ही राजधानी. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला आपल्या फौजेचा तळ टाकला. तंबूंच्या जागी घरं आली, घरांच्या जागी वाडे आले, आणि शहराचा तो भाग आजही 'लष्कर' याच नावाने ओळखला जातो. त्या लष्करात पिढ्यान् पिढ्या मराठी घरं नांदली. गाण्याचं तर विचारूच नका. ग्वाल्हेर घराण्याची ख्यालगायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात आणली आणि इथे ती घरोघरी पोहोचली. ('ख्याल' हाही अरबी शब्द, बरं का. अर्थ: कल्पना, विचार.)

याच ग्वाल्हेरमध्ये सरोद वाजवणारं एक घर होतं. वडील हाफिज अली खाँ, शिंद्यांच्या दरबारातले नामवंत सरोदवादक. सरोद तुम्ही जवळून पाहिलाय का? सतारीवर असतात तसे पडदे त्याच्यावर नसतात. बोटांखाली नुसती गुळगुळीत, चकचकीत पोलादी पट्टी. सूर नेमका कुठे आहे हे सांगणारी एकही खूण तिथे नसते. वादक नखाच्या कडेने तार दाबतो आणि पट्टीवरून सरकवत नेतो. नख केसभर इकडेतिकडे झालं की सूर गेलाच.

तर या घरात ९ ऑक्टोबर १९४५ ला एक मुलगा जन्मला. भावंडांत सगळ्यांत धाकटा. त्याचं नाव ठेवलं मासूम. पुढे एका साधूने सांगितलं, याचं नाव अमजद ठेवा. घरच्यांनी ऐकलं. मासूम अली खाँचा अमजद अली खाँ झाला, आणि त्याच नावाने तो जगभर सरोद वाजवत फिरला.

मला या गोष्टीत सगळ्यांत आवडतं ते हे की नाव बदलायला सांगणारा साधू होता आणि त्याने सुचवलेलं नाव अस्सल अरबी होतं. त्या घराला त्यात काही खटकलं नाही, आणि साधूलाही नाही.

आता मुद्द्याचं. मासूम म्हणजे काय, अमजद म्हणजे काय, आणि ही नावं बनतात कशी?

त्याआधी थोडं मराठीकडे बघू. गाय चरते, पण गुराखी गाय चारतो. आंबा पडतो, पण तुम्ही दगड मारून आंबा पाडता. (शेजाऱ्यांचा असेल तर पाडू नका.) पाणी गळतं, पण आई चहा गाळते. चर-चार, पड-पाड, गळ-गाळ. काय बदललं? 'च' आणि 'र' जिथल्या तिथे राहिले. फक्त त्यांच्या मधला स्वर लांबला, आणि अर्थ पालटला!

मराठीत ही करामत थोड्याच शब्दांत दिसते. अरबी भाषेचा मात्र सगळा डोलाराच या करामतीवर उभा आहे. अरबीतल्या बहुतेक शब्दांच्या पोटात तीन व्यंजनं असतात. त्यांना म्हणायचं मूळ. या मुळात अर्थाचा गाभा असतो, पण नुसतं मूळ बोलता येत नाही. ते साच्यात ओतावं लागतं. साचा म्हणजे ठरलेले स्वर आणि कधी पुढे-मागे चिकटणारं एखादं अक्षर.

गुढीपाडव्याच्या गाठी कशा करतात ते आठवा. लाकडी साच्यात नक्षीचे खळगे कोरलेले असतात. त्यातून दोरा ओढून ठेवतात, वरून साखरेचा गरम पाक ओततात. थंड झाल्यावर साचा उघडला की दोऱ्यात ओवलेली पांढरीशुभ्र पदकं बाहेर! पाक तोच, पण एका साच्यातून फूल निघतं, दुसऱ्यातून चकती. अरबीतही तसंच. मूळ म्हणजे पाक. आणि साच्याला अरबी व्याकरणात शब्द आहे 'वज़्न'. हो, आपलं किराणा दुकानातलं 'वजन'च ते! अमुक शब्द अमुक वजनाचा आहे, असं अरबी पंडित म्हणतात.

चला, अमजद उघडू. मूळ आहे म-ज-द. अर्थ मोठेपणा, गौरव. 'मज्द' म्हणजे गौरव, 'मजीद' म्हणजे गौरवशाली. आणि याच मुळाच्या पुढे 'अ' लावून ते 'अ-क-ब-र'च्या साच्यात ओतलं की होतं अमजद: अधिक गौरवशाली.

'अकबर'च्या साच्यात म्हणजे? अकबराचं मूळ क-ब-र, मोठा असणं. कबीर म्हणजे मोठा. अकबर म्हणजे अधिक मोठा, सर्वांत मोठा. आता ही जोडी मोठ्याने म्हणून बघा: कबीर, अकबर. मजीद, अमजद. ताल सारखाच लागतो ना? म्हणजे संत कबीर आणि बादशहा अकबर यांची नावं सख्ख्या भावंडांसारखी एकाच मुळातली आहेत.

म-ज-द बद्दल जुन्या अरबी कोशांत एक फार सुंदर गोष्ट नोंदलेली आहे. वाळवंटात उंटांना मुबलक चारा मिळून त्यांचं पोट भरत आलं, की त्यासाठीसुद्धा याच मुळातलं क्रियापद वापरत. विचार करा, रखरखीत वाळू, मैलोन् मैल गवताची काडी नाही, आणि अचानक हिरवं कुरण दिसतं. ज्याचे उंट पोटभर चरतात त्याच्यासारखा भाग्यवान कोण! गौरव हा शब्द आपल्याला सिंहासन, मुकुट, टाळ्या असं काहीबाही दाखवतो. अरबी कोशात त्याच्या शेजारी तृप्तपणे रवंथ करणारा उंट उभा आहे.

आता मासूम. इथे थोडं अडखळायला होतं, कारण याच्या मुळातलं पहिलं अक्षर आपल्याकडे नाहीच. त्याला 'ऐन' म्हणतात. घशाच्या तळातून, गळा आवळून काढायचा तो आवाज. मूळ आहे ऐन-स-म: जपणं, राखणं, घट्ट धरून ठेवणं. मासूम म्हणजे ज्याला पापापासून जपलं आहे असा, म्हणजेच निरागस. तान्ह्या बाळाला यापेक्षा नेमकं नाव कोणतं? याच मुळातला एक शब्द आहे 'इसाम'. कातड्याची पाण्याची पिशवी असते ना, आपण जिला पखाल म्हणतो, ती बांधून उचलायचा बंद म्हणजे इसाम. पाणी सांडू न देणारा बंद आणि बाळाचा निरागसपणा, दोन्ही एकाच मुळातून!

आपल्या गळ्याला ऐन जमत नाही, म्हणून आपण तो गिळून टाकला आणि त्याच्या जागी नुसता स्वर लांबवला. 'मासूम'मधला 'मा' असा लांब झाला. 'मालूम'मधला 'मा' आणि 'तालीम'मधला 'ता' यांचंही हेच. मालूम आणि तालीम दोघांचं मूळ ऐन-ल-म, म्हणजे जाणणं. तालीम म्हणजे मूळ अर्थी शिक्षण. म्हणून मराठीत पैलवानांची तालीम असते, नाटकाची तालीम असते आणि ग्वाल्हेरला उस्तादांपुढे बसून घेतलेली गाण्याचीही तालीमच.

मासूमचा साचा कोणता? 'म' पुढे, मग मुळातली पहिली दोन व्यंजनं, मग 'ऊ', मग तिसरं व्यंजन. ज्याच्यावर एखादी क्रिया झालेली आहे, तो या साच्यातून बाहेर पडतो. जपलेला, पाहिलेला, सांगितलेला, असा. हा साचा माझा सगळ्यांत लाडका आहे, कारण मराठीने तो न कळत अगदी गच्च भरून ठेवलाय.

'मंजूर' बघा. तुमचा सुट्टीचा अर्ज मंजूर होतो. मूळ न-ज-र. म्हणजे आपली 'नजर'च! मंजूर म्हणजे ज्याच्यावर साहेबांची नजर पडली आहे आणि त्यांना ते पटलं आहे. 'मजबूत' म्हणजे घट्ट धरून ठेवलेला, आणि त्याचं भावंड आहे 'जप्त'. पोलीस माल जप्त करतात, म्हणजे पकडून, धरून ठेवतात. 'मजकूर' म्हणजे ज्याचा जिक्र, उल्लेख झाला आहे तो. 'महसूल' म्हणजे हाती आलेलं, मिळालेलं. हाच पाक दुसऱ्या साच्यात ओतला की होतो 'हासिल', आणि मराठीच्या तोंडी बसून तो झाला 'हशील'. आजी म्हणते ना, "उगीच रडून काय हशील?" त्या वेळी आजी तलाठी कार्यालयातल्या महसुलाच्या चुलत भावाबद्दल बोलत असते.

आणि याच साच्यातलं एक नाव आपल्याला परत ग्वाल्हेरला घेऊन जातं: मन्सूर.

१४ जानेवारी १७६१. पानिपत. त्या दिवशी मराठ्यांचा मोठा पराभव झाला. तरुण महादजी शिंदे पायाला भीषण जखम होऊन पडले होते. राणे खान नावाच्या एका पखाल्याने त्यांना उचललं, आपल्या बैलावर घातलं आणि सुखरूप दक्षिणेत पोहोचवलं. महादजी वाचले, पण जन्मभर लंगडत चालले, आणि राणे खानाला त्यांनी भाऊ मानलं. (पखाल आणि तिचा बंद आठवतोय ना? मला तर हे वाचताना प्रत्येक वेळी 'इसाम' आठवतो.)

या महादजींची एका सूफी फकिरावर फार श्रद्धा होती. मराठवाड्यातल्या बीडचे मन्सूर शहा. असं सांगतात की महादजी परत येत नाहीत हे पाहून त्यांच्या पत्नीने मन्सूर शहांकडे गाऱ्हाणं घातलं होतं. पुढे महादजींचा भाग्योदय झाला तेव्हा त्यांनी मन्सूर शहांना आपल्याकडे बोलावलं. ते काही बीड सोडून गेले नाहीत, त्यांनी आपला मुलगा हबीब शहा याला पाठवलं. मन्सूर शहांची कबर बीडला आहे. आणि ग्वाल्हेरच्या गोरखी वाड्यात, जिथे शिंद्यांचं देवघर आहे, तिथे मन्सूर शहांचा उरूस शिंदे घराण्याने पिढ्यान् पिढ्या चालवला.

मन्सूरचं मूळ न-स-र, मदत करणं. मन्सूर म्हणजे ज्याला मदत मिळाली आहे असा. कुणाची मदत? देवाची. आणि देवाची मदत मिळाली की विजय ठरलेलाच, म्हणून 'विजयी' असाही अर्थ झाला. याच मुळातून नासिर, म्हणजे मदत करणारा. नुसरत, म्हणजे मदत, विजय. गोष्टीतला मुल्ला नसरुद्दीन, त्याच्या नावातही हेच तीन पाहुणे बसलेत.

पण न-स-रचा एक जुना अर्थ मला सापडला तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसले. अरबी कोश सांगतात की पावसाने जमिनीला मदत केली, ती भिजवली, असं म्हणायलाही 'नसर' वापरत. आणि 'मन्सूर जमीन' म्हणजे पाऊस पडलेली जमीन. आता बीडचा विचार करा. मराठवाड्यातला कोरडा जिल्हा. जूनमध्ये सगळी माणसं हाताची सावली डोळ्यांवर धरून आभाळाकडे बघतात. त्या मातीत एक फकीर राहून गेला, आणि त्याचं नाव होतं पाऊस झालेली जमीन.

हबीब तर सोपं आहे. मूळ ह-ब-ब, प्रेम. हबीब म्हणजे लाडका. तेच मूळ मन्सूरच्या साच्यात घाला बरं. मह-ब-ऊ-ब. महबूब! तोही लाडकाच. आणि उरूस? अरबीत 'उर्स' म्हणजे लग्न. संत देह सोडून जातो तेव्हा तो आपल्या लाडक्या देवाला जाऊन मिळतो, म्हणून त्या दिवशी रडायचं नाही. रोषणाई करायची, गाणं करायचं, लग्नघरासारखं.

मन्सूर नावाची माणसं इतिहासात जागोजागी भेटतात. ७६२ मध्ये बगदाद शहर वसवणारा खलिफा अल-मन्सूर. त्याने ते चक्क गोल आखलं होतं. जहांगीर बादशहाच्या दरबारातला चित्रकार उस्ताद मन्सूर. पक्ष्यांच्या एकेका पिसावर त्याचा ब्रश असा फिरायचा की आजचे पक्षितज्ज्ञही त्याची चित्रं अभ्यासतात. जगातून कायमचा नाहीसा झालेला डोडो पक्षी, त्याचं त्या काळातलं एक चित्र याच मन्सूरचं मानलं जातं. जहांगीरने त्याला 'नादिर-उल-अस्र' असा किताब दिला होता, म्हणजे आपल्या युगातला दुर्मीळ माणूस.

आणि मल्लिकार्जुन मन्सूर? एवढे मोठे गवई, सुरुवातीला ग्वाल्हेर घराण्याचीच तालीम घेतलेले! इथे थांबा. त्यांचं आडनाव त्यांच्या गावावरून आलं. धारवाडजवळ मन्सूर नावाचं गाव आहे, ते तिथले. आपल्याकडे इचलकरंजीचे ते इचलकरंजीकर, तसं. अरबी न-स-रशी त्याचा संबंध जोडायचा नाही. नावं कानाला सारखी लागली म्हणजे ती नात्यातली असतातच असं नाही.

किल्ली हातात आली की हीच चूक होते. मी शिकत होते तेव्हा मला जिकडेतिकडे 'म–ऊ' दिसू लागले होते. मयूर! नाही, तो संस्कृत. मसूर! ती डाळही संस्कृतातलीच. मजूर! हा तर हमखास वाटला, पण तो निघाला फारसी, मूळचा 'मज़्दूर'. मी वहीत तीन ओळी खोडल्या.

दुसरा घोटाळा उच्चारांचा. अरबीत चार वेगवेगळी अक्षरं आहेत, चार वेगवेगळे आवाज. ती फारसीत गेली तेव्हा इराणी लोकांनी चौघांचाही उच्चार एकच केला, 'झ' सारखा. आणि अरबी शब्द आपल्याकडे मुख्यत्वे फारसीच्या पालखीत बसून आले, दरबारातून, कचेऱ्यांतून. आपण चौघांनाही 'ज' म्हणून टाकलं. म्हणून 'नजर' आणि 'नजराणा' बहिणी वाटतात, पण त्या बहिणी नाहीत. नजर म्हणजे पाहणं. नजराण्यातला 'नज़्र' म्हणजे नवस, अर्पण. अरबीत त्यांची मधली अक्षरं निराळी आहेत.

'क'चंही तसंच. ग्वाल्हेरला हजरत मुहम्मद गौस यांचा भव्य मकबरा आहे, दगडात कोरलेल्या नाजूक जाळ्यांचा. त्याच आवारात तानसेनची साधीशी कबर आहे, आणि तिच्याजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो असं गाणारे मानत आले. तिथे उभं राहून कुणी म्हणेल, "मकबरा! म्हणजे क-ब-र. अकबर पण क-ब-र. म्हणजे मकबरा म्हणजे मोठी इमारत!" तर तसं नाही. मकबऱ्याचा 'क' घशात आतून काढायचा, तो वेगळं अक्षर आहे. मकबरा म्हणजे जिथे कबर आहे ती जागा. अकबराचा 'क' आपल्यासारखा साधा.

याच मुहम्मद गौसांच्या नावात मात्र एक खजिना आहे. मुहम्मद हे नाव ह-म-द या मुळाचं. अर्थ स्तुती. ज्याची पुन्हा पुन्हा स्तुती होते तो मुहम्मद. आता तुमच्याकडे दोन साचे आहेतच, घाला हे मूळ त्यांत. अकबरच्या साच्यात घातलं की? अहमद. मासूमच्या साच्यात घातलं की? महमूद. बघा, दोन नावं तुम्ही स्वतः बनवलीत! आणि हा अहमद महाराष्ट्राला चांगला ओळखीचा. अहमद निजामशहाने १४९० च्या सुमारास वसवलेलं शहर म्हणून अहमदनगर, जे आता अहिल्यानगर झालं आहे.

त्याच नगरच्या शहा शरीफ नावाच्या पिरावर शिवाजी महाराजांच्या आजोबांची, मालोजीराजे भोसल्यांची श्रद्धा होती. मूल व्हावं म्हणून नवस बोलले होते, अशी आठवण सांगतात. दोन मुलगे झाले. पिराच्या नावाचे दोन भाग केले आणि दोघांना वाटून दिले. थोरला शहाजी, धाकटा शरीफजी. 'शहा' फारसी, 'शरीफ' अरबी, आणि दोघांच्या मागे आपला मराठमोळा 'जी'. शरीफचं मूळ श-र-फ, म्हणजे मान, उच्चपणा. अकबरच्या साच्यात घातलंत तर काय होईल? म्हणा बरं. कबीर, अकबर. मजीद, अमजद. शरीफ...? अशरफ! शाबास.

या साच्यातलं एक नाव तुम्ही चौथीच्या इतिहासापासून ऐकताय. अफजल. मूळ फ-ज-ल. अर्थ आहे जास्तीचं असणं, उरून राहणं, आणि त्यावरून श्रेष्ठ असणं. अफजल म्हणजे अधिक श्रेष्ठ. ज्याने 'आईने अकबरी' लिहिली, आणि त्यात अकबराच्या दरबारी गायक-वादकांची यादी देऊन पुष्कळांपुढे 'ग्वाल्हेरचा' असं नोंदवलं, तो अबुल फजल याच मुळाचा. आणि आपल्या घरात रोज वावरणारं याच मुळाचं पोर म्हणजे 'फाजील'. "फाजील लाड करू नका त्याचे!" म्हणजे गरजेहून जास्तीचे. अरबीत 'फाज़िल' म्हणजे जास्तीचं तर खरंच, पण विद्वानही, गुणांत इतरांहून वरचढही. मराठीत तो आला आणि त्याच्याजवळ फक्त जास्तीचा आगाऊपणा उरला. मला त्याची थोडी कीव येते.

तीन व्यंजनांची ही रीत अरबीपुरतीच नाही. तिची बहीण आहे हिब्रू. स-ल-म हे अरबी मूळ घ्या, शांती, सुखरूपपणा. त्यातून सलाम, सलीम, सलामत. हिब्रूत त्याचं रूप श-ल-म, आणि त्यातून 'शालोम'. आपल्या कोकणात, अलिबागच्या आसपास, बेने इस्राएल ज्यू लोक शतकानुशतकं राहिले. घाण्यावर तेल काढायचे, शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. घरात त्यांची भाषा मराठीच. त्यांच्याकडून 'शालोम' आणि शेजारच्या मोहल्ल्यातून 'सलाम', एकाच कोकणातल्या एकाच रस्त्यावर एका मुळाच्या दोन फांद्या ऐकू येत असतील!

एक गोष्ट अरबी शब्दकोश उघडलात तर लक्षात ठेवायला हवी. तिथे 'मन्सूर' शोधायचा तर 'म'मध्ये सहसा सापडत नाही. पुढचा 'म' साच्याचा आहे, तो बाजूला करायचा, आणि 'न'कडे जायचं. तिथे न-स-रच्या घरात मन्सूर, नासिर, नुसरत सगळे एकत्र बसलेले असतात. कोशच घराण्यांप्रमाणे लावलेला. ग्वाल्हेरच्या गाण्यासारखा.

तर परत त्या सरोदवाल्या घराकडे. जिवाजीगंजमधलं ते घर आता 'सरोद घर' नावाचं संग्रहालय आहे, जुनी जुनी वाद्यं तिथे जपून ठेवली आहेत. वडील हाफिज. मूळ ह-फ-ज, जपणं, स्मरणात राखणं. ज्याला अख्खं कुराण पाठ असतं त्यालाही हाफिज म्हणतात. साचा 'हाज़िर'चाच, करणाऱ्याचा: जपणारा. आजोबा नन्हे खाँ, हे नाव मात्र अरबी नाही, इथल्याच मातीतलं, लाडाचं. मुलगा अमजद, अधिक गौरवशाली. आणि अमजद अलींच्या थोरल्या मुलाचं नाव अमान, तोही सरोद वाजवतो.

अमान म्हणजे सुरक्षितपणा, अभय. त्याच मुळातलं इमान, त्याच मुळातला अमीन, आणि विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवायला दिलेली वस्तू म्हणजे अमानत. मराठीत अमानत आली तेव्हा बोलता बोलता कुणाची तरी जीभ घसरली, 'मा' आणि 'न' यांनी जागा बदलल्या, आणि तेच रूप पक्कं झालं. वाचनालयाचे सभासद होताना तुम्ही खिडकीपाशी पैसे भरता, पावती मिळते, आणि पुस्तकं परत केली की ते पैसे परत मिळतात. ती पावती घरी असेल तर काढून बघा, तिच्यावर काय छापलंय: अनामत.